राक्षसांच्या तोंडी माझा हुंकार

दोन हजार तेवीस साल. शाळेच्या दाखल्यावर तेव्हा माझं वय एकाहत्तर, आणि आमची माय सांगायची त्या हिशोबानं चौऱ्याहत्तर. मी मायचं खरं धरतो. दाखला लिहिणारे गुरुजी माझ्या जन्माच्या वेळी तिथं नव्हते, माय होती.

शाळा मी तिसरीपर्यंत केली. पुढं केली नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आणि त्यावरून कुणी मला शहाणपण शिकवायला आलं तर मी ऐकून घेत नाही. चाकूर तालुक्यात आमचं गाव. मुलगा लातूरला मास्तर, सून दुसऱ्या शाळेत बाई, त्यांना एकच मुलगी. ती त्या साली सातवीत होती. मंडळी, म्हणजे माझी बायको, वारल्यापासून मी थोडे दिवस गावाकडं, थोडे दिवस लातूरला, असा राहतो. लातूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर मला करमायचं ते फक्त नातीमुळं.

हे लिहायला बसलो ते टीव्हीवरच्या एका मालिकेमुळं. रविवारी संध्याकाळी लागायची. लहान मुलांच्या जुन्या कादंबऱ्यांवरून काढलेली, जादूची, राक्षसांची. त्या मालिकेत माझा आवाज आहे. अजूनही कुणी भेटलं की म्हणतं, तुमचा आवाज टीव्हीवर आला, नशीबवान माणूस. असं म्हणणाऱ्याच्या तोंडाकडं मी बघत राहतो. त्यानं बहुतेक ती मालिका पाहिलेलीच नसते.

आधी हुंकाराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. सांगणारा एक वाक्य सांगून थांबतो, ऐकणारा ‘हाव’ म्हणतो, मग सांगणारा पुढं जातो. हुंकार बंद झाला की गोष्ट बंद. ऐकणारे दहा असले तरी हुंकार एकानंच द्यायचा असतो, आणि तो कुणालाही जमत नाही. लातूरकडच्या मुरुडच्या बाजाराला आमच्या बैलगाड्या रांगेनं निघायच्या तेव्हा सांगणारा पहिल्या गाडीत बसायचा आणि त्याच्या शेजारी मी. वयानं लहान होतो, तरी मीच. कारण माझा हुंकार एकसारखा नसायचा. साध्या वाक्याला साधा ‘हाव’. सांगणारा रेंगाळला तर ‘मंग?’ नवल असलं तर ‘आसं व्हय!’ आणि गोष्टीत कुणाचं माणूस गेलं तर खाली उतरलेला, घशातला, सावकाश ‘हाव’. तो ऐकून सांगणाऱ्याचेच डोळे भरायचे. एक म्हातारे सांगणारे होते, ते मी नसलो तर गोष्टीला हात लावत नसत. म्हणायचे, येड्या, भिताडाला कोण गोष्ट सांगतंय?

सांगणारे पुष्कळ होते. ऐकणारा मी एकटा होतो. ही बढाई वाटली तर वाटू द्या.

नात दुसरीत असताना वाचायला कंटाळायची. मास्तरांच्या घरची पोर आणि वाचत नाही, म्हणून आईबाप बेजार. सून तिला समोर बसवून चुका काढायची आणि पोर रडायची. मी एकदा म्हणालो, माझ्यासमोर बसवा. सून म्हणाली, मामा, तुम्हाला तिच्या चुका कशा कळतील? मी म्हणालो, मला चुका काढायच्याच न्हाईत, मला गोष्ट ऐकायची हाय.

मुलाच्या शाळेतल्या कपाटात त्या चार कादंबऱ्या होत्या. कुणा बाईंनी फार पूर्वी लिहिलेल्या, कोपरे झिजलेल्या. एका कुंभाराची मुलगी, तिच्या आईचं एका चेटकिणीनं पाणी करून टाकलेलं. ते पाणी शोधत मुलगी बारवेच्या पायऱ्या उतरत जाते आणि पाण्याखाली तिला एक अख्खं राज्य लागतं. तिथं दारावर एक कासव असतं, जगाएवढं म्हातारं. त्याला सगळं माहीत असतं, पण विचारल्याशिवाय सांगत नाही. नात वाचायची, मी हुंकार द्यायचा. अडली की मी ‘मंग?’ म्हणायचो आणि पुढं काय झालं हे मला सांगायचंच म्हणून ती ते अवघड अक्षर कसंतरी ओलांडायची. एका उन्हाळ्यात पोर खडाखडा वाचायला लागली. चारी पुस्तकं आमची किती वेळा झाली त्याचा हिशोब नाही.

त्यातलं कासव पुस्तकात शुद्ध बोलतं. पण नात त्याचं बोलणं माझ्या आवाजात वाचायची. “कुठं निघालीस माय? पाणी लई खोल हाय. बस जरा.” तिच्या लेखी कासव आमच्याच गावचं होतं.

म्हणून त्या कादंबऱ्यांवर मालिका निघणार, आणि नांदेडला इकडच्या माणसांचे आवाज घेणार, असं मुलाच्या शाळेत कळलं तेव्हा ती माझ्या मागंच लागली. आबा, कासव तुम्हीच. मी म्हणालो, मी काय नाटकवाला हाय? पण मनातून मला खुशी झाली होती. ती कशाला लपवू.

मुलगा मला घेऊन नांदेडला गेला. एका मंगल कार्यालयाच्या वर त्यांनी खोली घेतली होती, भिंतींना जाड रजया लावलेल्या. मुलाला बाहेर बसवलं. आत एक तरुण, कानाला हेडफोन लावलेला, पुण्याकडचा. बोलायला गोड. आजोबा पाणी घ्या, आजोबा पंखा बंद करावा लागेल हं. त्याच्याबरोबर एक मुलगी यंत्रापाशी. समोर माईक. मला वाटलं आता बोलायला लावतील. पण तो म्हणाला, आधी तुम्हाला गोष्ट सांगतो, म्हणजे बोलताना भाव येईल.

मला ती गोष्ट पाठ होती. पण एखादा माणूस समोर बसून आपल्याला गोष्ट सांगतोय आणि आपण तोंड मिटून बसायचं, हे माझ्याच्यानं होत नाही. तो अपमान आहे सांगणाऱ्याचा. त्यानं पहिलं वाक्य सांगितलं, मी म्हणालो, हाव. तो जरा थांबला, यंत्रापाशी बसलेल्या मुलीकडं पाहिलं, हसला, आणि पुढं सांगू लागला. मला वाटलं, शहाणा पोरगा दिसतोय, याला हुंकार कळतो. मग मीही हात राखला नाही. कुंभाराची मुलगी बारवेत उतरली, आसं व्हय. चेटकीण आली, मंग? आणि हाती लागलेलं आईचं पाणी मुलीच्या ओंजळीतून गळून गेलं, तिथं माझा तो खालचा हुंकार आपोआप गेला. तिथं मला मंडळीची आठवण येते. दर वेळी येते.

सगळी गोष्ट झाल्यावर त्यानं कासवाची चार वाक्यं माझ्याकडून म्हणून घेतली. मी म्हटली. तो म्हणाला, फारच छान आजोबा, अगदी अस्सल. चहा पाजला. बाहेर आल्यावर मुलानं विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, कासव पक्कं.

ही माझी चूक म्हणायची तर म्हणा. समोर माईक होता हे मला दिसत होतं. पण माईक बोलणाऱ्यासाठी असतो, ऐकणाऱ्याचंही कुणी चोरून भरून घेतं हे मला मालूम नव्हतं.

मालिका लागायच्या दिवशी घरात बसायला जागा नव्हती. शेजारचे दोघं नवरा-बायको आले, मुलाच्या शाळेतले एक सर आले, आणि नातीनं वर्गातल्या मैत्रिणींना बोलावलं होतं. तिच्या शाळेत तिला बोलण्यावरून चिडवत हे मला माहीत होतं. ‘न्हाई’ म्हणाली की पोरं हसत. मास्तरांच्या घरात ‘न्हाई’ कुठून आलं? माझ्याकडून आलं. ती घरी एक बोलायची, शाळेत दुसरं बोलायची, आणि दोन्हींत अडखळायची. आता तिनं वर्गात सांगून ठेवलं होतं की टीव्हीवर सगळ्यात शहाणं जे कासव आहे ते आमच्या आबासारखं बोलतं, कारण ते आमचे आबाच आहेत. एकदा सगळ्यांच्या कानावर ते पडलं की तिला तोंड उघडताना भ्यायचं कारण उरणार नव्हतं. पोरीची सगळी इज्जत त्या कासवावर होती. मी नवं धोतर नेसून खुर्चीत बसलो होतो.

मालिका लागली. बारव दाखवली ती संगमरवराची. शेवाळ नाही, कबुतराची घाण नाही, पायरी झिजलेली नाही. असली बारव मराठवाड्यात कुणी बांधली नाही. तरी मी गप्प बसलो. मग पाण्याखालचं दार आलं, कासव आलं, ट्रकाएवढं, त्यानं डोळे उघडले. नात माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती, तिनं माझं धोतर मुठीत धरलं.

कासव बोललं. “बाळ, कुठे निघालीस?” पुण्याच्या आवाजात. बातम्या सांगतात तसं.

नातीनं वळून माझ्याकडं पाहिलं. मैत्रिणी तिच्याकडं बघू लागल्या. सून घाईघाईनं म्हणाली, पुढं असेल, पुढं असेल.

पुढं होतं. चेटकिणीची पालखी आली. पालखी उचलणारे राक्षस, पोट सुटलेले, दात पडलेले, नाकातून शेंबूड, चिखल खाणारे. चेटकीण काही बोलली की ते माना डोलवायचे. आणि त्यांच्या तोंडातून माझा आवाज आला. “हाव.” चेटकीण पुन्हा बोलली. “हाव. मंग?” एकाच्या तोंडून, मग सगळ्यांच्या तोंडून, एकामागं एक. “आसं व्हय! आसं व्हय!” शेजारचा माणूस खदखदा हसला. सर हसले. सून तोंडाला पदर लावून हसत होती, मी पाहिलं. मुलगा हसला नाही, पण तो बघतही नव्हता.

मग त्यातला एक राक्षस डबक्यात तोंडावर पडला, चिखलात बुडाला, आणि बुडताना त्यानं माझा तो खालचा हुंकार दिला. घशातला. मंडळीचा. माणसं हसून हसून वाकली.

एक पोरगी म्हणाली, “अगं, हेच ना तुझे आबा?”

नात उठून आतल्या खोलीत गेली.

मी खुर्चीतच बसलो होतो.  चिडलो होतो, दुसरं काही समजू नका. सगळे गेल्यावर मी मुलाला म्हणालो, लाव त्याला फोन. तो म्हणाला, अण्णा, आता झालं ते झालं. मी म्हणालो, लाव. त्यानं लावला.

तो पुण्याचा पोरगा खुशीत होता. म्हणाला, आजोबा, लोकांना तुमचे राक्षस जाम आवडलेत, किती गोड वाटतायत. मी विचारलं, कासवाचं मी बोललो होतो ते कुठं गेलं? तो मग समजावणीच्या सुरात म्हणाला,

“आजोबा, कासव शहाणं आहे ना. त्याला ती भाषा शोभली नसती.”

मी म्हणालो, “लेकरा, तू मला गोष्ट सांगत होतास म्हणून मी हुंकार देत होतो. कुणी कुणाला मान देतं तेव्हा त्याचा असा तमाशा करत्यात का तुमच्याकडं?”

तो म्हणाला, त्याला तसं म्हणायचं नव्हतं, मी गैरसमज करून घेतोय, हवं तर पुढच्या भागात शेवटी माझं नाव मोठं टाकतील. मी म्हणालो, नाव काढून टाक, आवाज काढून टाक. तो म्हणाला, ते आता होत नाही. फोन मीच ठेवला.

मुलगा म्हणाला की एवढं मनाला लावून घेऊ नये, गंमत म्हणून घ्यावं, विनोदी मालिका अशाच असतात, लोक विसरून जातील. माझा तोल गेला. मी म्हणालो, “तू तर हाव म्हणायचं कधीच सोडलंस. तुझी माय मेली तेव्हा लोक भेटायला आले तर तू ‘हो, हो’ करत होतास. तुला काय लागणार हाय?” सून चहाची भांडी घासता घासता थांबली.  मी बोललो ते मला आजही खोटं वाटत नाही.

जेवणं झाली. त्या दिवशी मालिकेनंतर नात मला चौथं पुस्तक पुन्हा सुरुवातीपासून वाचून दाखवणार होती, असं आमचं ठरलेलं. मी आत गेलो. ती पलंगावर पुस्तक उघडून बसली होती आणि मनातल्या मनात वाचत होती. ओठसुद्धा हलत नव्हते. मी म्हणालो, वाच माय, मोठ्यानं. ती वाचायला लागली, भाजीची यादी वाचावी तसं, मध्ये न थांबता. कासवाचं बोलणं आलं, तेही तसंच सपाट, शुद्ध. मला जागा सापडेना. शेवटी एका ठिकाणी तिनं श्वास घेतला तिथं मी म्हणालो, हाव.

ती थांबली. पुस्तकातून मान वर न करता म्हणाली,

“आबा, हाव नका म्हणू. हो म्हणा. नाहीतर काहीच म्हणू नका.”

मी काहीच म्हणालो नाही. उठून बाहेर येऊन पडलो. राग आला होता तो तिच्यावर नव्हता, पण दुसऱ्या कुणाचा गळा धरावा तर तो पुण्यात होता. पाच वर्षं एक पोर एका भाषेत मोठ्यानं वाचायला शिकली होती, आणि एका रविवारी कुणीतरी तिचं तोंड बंद करून दिलं, वर म्हणे गोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात माझ्याशी न बोलता शाळेला गेली. मी अंघोळ केली, तेच नवं धोतर नेसलो, डोक्याला रुमाल बांधला, काठी घेतली आणि तिच्या शाळेवर गेलो. सुनेनं विचारलं, मामा, कुठं? मी सांगितलं नाही. फाटकावरच्या शिपायानं आत सोडलं, पण मुख्याध्यापक बाईंनी सोडलं नाही. मी त्यांना म्हणालो, मला सातवीच्या वर्गात थोडा वेळ बसू द्या. त्या म्हणाल्या, आजोबा, असं कुणालाही वर्गात बसवता येत नाही, परीक्षा जवळ आहे. नियम असेल. मी भांडलो नाही. बाहेर पटांगणाच्या कडेला एक लांब दगड टाकलेला होता, त्यावर जाऊन बसलो. म्हणालो, सुट्टीत पोरं बाहेर येतीलच.

सुट्टी झाली. काल घरी आलेल्या पोरींनी मला लांबूनच ओळखलं. आधी कुजबुज, मग सगळी गोळा. एका पोरानं ओठ आत ओढून, पोट पुढं काढून मान डोलवली. हाव, हाव, मंग? सगळी हसली. नात पाण्याच्या नळापाशी बाटली घेऊन उभी होती. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की जमीन फाटली तर बरं.

त्या पोरानं विचारलं, “आजोबा, तो राक्षस तुम्हीच का?”

मी म्हणालो, “हाव. मीच त्यो.”

पोरं हसायची थांबली. मी नाकबूल करीन असं त्यांना वाटलं असावं. मी त्या पोराला म्हणालो, आता तू एक गोष्ट सांग. तो म्हणाला, तुम्ही सांगा. मी म्हणालो, मी सांगत न्हाई. मी ऐकणारा हाय, टीव्हीवाले मला त्यासाठीच घेऊन गेले होते. कोणती का असंना, सांग.

तो लाजला. मग बाकीच्यांनी ढकललं तेव्हा सांगायला लागला. त्याच्या मामाच्या शेतात रानडुक्कर घुसलं त्याची गोष्ट. किनवटकडं मामाचं गाव. मी हुंकार दिला. एकदोन पोरं फिदीफिदी हसली. मी दुसरा दिला. तो पोरगा मात्र सुसाट सुटला होता, डुक्कर आलं, मामा पळाला, कुत्रं भुंकलं, विहीर, बॅटरी, सगळं एका दमात, मला हुंकार घुसवायला फटच ठेवीना. माझा एक ‘हाव’ त्याच्या बोलण्यावर आदळला, दुसरा मागं राहिला. पोरं पुन्हा हसायला लागली, आता त्यालाच हसत होती. तो गोंधळला.

नात नळापासून आली. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता म्हणेल, आबा, घरी जा. ती माझ्याकडं आलीच नाही, त्या पोरासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं म्हणाली,

“आसं न्हाई सांगायचं. थांबावं लागतंय. आबानं हाव म्हनल्याबिगर म्होरं जायचं न्हाई.”

कुणी हसलं का ते मी पाहिलं नाही. मी माझी काठी उचलून पलीकडं ठेवली आणि दगडावर तिला बसायला पुरेल एवढा बाजूला सरकलो.